श्री. टोकेकर यांचे श्रवण

गोपीनाथराव टोकेकरांनी बायकोला आयुष्यात एकच मोठी थाप मारली. बाकीच्या किरकोळ होत्या. म्हणजे बाहेर पोहे खाऊन आलो नाही, वगैरे. इंदूरमध्ये राहणाऱ्या माणसाला पोह्यांबद्दल खरं बोलणं तसंही जमत नाही. पण ही थाप मोठी होती. "बोलणं नीट ऐकू येत नाही गं आताशा," असं ते एका सकाळी म्हणाले, "पण तुझं गाणं ऐकू येतं. गाण्याचं काही वेगळंच असतं." हे ऐकून इंदुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे थाप मागे घ्यायची वेळ निघून गेली आणि पुढची सात वर्षं टोकेकरांना ती रोज सकाळी अर्धा तास निभावावी लागली.

खरी गोष्ट अशी की त्यांना बोलणंही ऐकू येत नव्हतं आणि गाणंही नाही. तीस वर्षं ते परदेशीपुऱ्याजवळच्या एका कापडमिलमध्ये होते. विणकामाच्या खात्यात, शेवटची बारा वर्षं मास्तर म्हणून. एका पत्र्याखाली चारशे माग चालत. शेजारच्या माणसानं कानात ओरडलं तरी त्याचा श्वास लागायचा, शब्द लागायचा नाही. म्हणून तिथे कोणी आवाजच काढत नसे. ओठ नेहमीपेक्षा जरा जास्त हलवायचे, की समोरच्याला कळायचं. चाळीस फुटांवरून कोण कोणाला काय शिवी देतो ते टोकेकर मास्तर नुसतं बघून सांगत. १९९२ साली, देशाचे दरवाजे साऱ्या जगाला उघडले म्हणून पेपरवाले खुशीत होते त्या सुमारास, मिलचं फाटक बंद झालं. माग थांबले. टोकेकरांच्या मात्र लक्षात आलं की आवाज काही थांबलेला नाही, तो त्यांच्याबरोबर सुदामा नगरात घरी आलाय. मग हळूहळू त्या आवाजानं बाकीच्या सगळ्या आवाजांना बाहेर काढलं आणि एक दिवस स्वतःही निघून गेला.

बाहेर कोणाला पत्ता लागला नाही. ओठ वाचायची सवय होतीच. टोकेकर बोलताना जरा रोखून बघतात, मिलचा मास्तर होता ना, असं लोक म्हणायचे. प्रश्न होता तो गाण्याचा. इंदुमतीबाई साध्यासुध्या गात नव्हत्या. मिलच्या गणपतीत दर वर्षी त्यांचं गाणं असायचं आणि मजूर लोक सतरंजीवर मांडी घालून ऐकायचे. मिल गेली तसा तो मंच गेला. मग त्या घरीच, रोज सकाळी, एकट्या नवऱ्यासमोर गायला बसू लागल्या. टोकेकर त्यांच्या ओठांकडे आणि मांडीवर ताल धरणाऱ्या हाताकडे बघत. हात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, आला की "वाह!" म्हणत. एकदाही चुकले नाहीत.

उरलेलं काम शेजारचे उदयसिंह करत. भिंतीपलीकडे झाडांना पाणी घालता घालता हा माणूस रोज त्या गाण्यावर अभिप्राय देई. "भिया, आज भाभीजी का गला थोड़ा बैठा हुआ लग रिया है." टोकेकर ते ओठांवरून उचलत, आत येत आणि गंभीर चेहऱ्यानं सांगत, "इंदू, आज गळा बसलाय तुझा. गरम पाणी घे." इंदुमतीबाई चकित होत. इतका बारीक कान! नवऱ्याचं हे कौतुक त्यांनी पुण्याच्या बहिणीला पत्रातसुद्धा कळवलं होतं.

हे असंच चाललं असतं. पण दिवाळीत पुष्कर आला. टोकेकरांचा हा मुलगा बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या एका कंपनीत होता. त्यानं गच्चीवरून पाहिलं तर बाबा दूध घेऊन गल्लीच्या मधोमध चालताहेत आणि त्यांच्यामागे पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत गोगलगाईच्या चालीनं येतोय. अख्खी गल्ली दारात आली. इतके लोक बघून टोकेकरांना भरून आलं आणि ते दोन्ही बाजूंना "शुभ दीपावली" म्हणत, नमस्कार करत घरापर्यंत पोचले.

"बाबा, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही?" पुष्करनं समोर येऊन विचारलं.

"येतं की. आईचं गाणं येतं," टोकेकर म्हणाले. कारण आई तिथेच उभी होती.

डॉक्टर म्हणाले की साध्या मशीननं आता काही होणार नाही. ऑपरेशन करून कानाच्या आत तारा बसवायच्या, बाहेर कानामागे यंत्र. त्याला कॉक्लियर इम्प्लांट म्हणतात. खर्चाचा आकडा ऐकून टोकेकरांनी, म्हणजे बघून, खुर्ची धरली. पण पुष्करच्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत होते. टोकेकर लगेच हो म्हणाले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा किती हौशी! म्हाताऱ्याच्या मनात वेगळंच होतं. इंदूचं गाणं एकदा खरोखर ऐकू आलं की सात वर्षांची थाप खरी होऊन जाईल आणि कोणाला कधी काही सांगावं लागणार नाही. दुसरं त्यांना काही नको होतं.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. लसणीचं तेल, महूच्या छावणीतला कोणी रिटायर्ड कंपाउंडर, शीर्षासन. उदयसिंह म्हणाले, "भिया, डोके में तार? और जो बारिश में शॉट-सर्किट हो गया तो?" यावर टोकेकरांना दोन रात्री झोप लागली नाही.

विमा कंपनीला सरकारी बोर्डाचं बहिरेपणाचं सर्टिफिकेट हवं होतं. बोर्ड दर बुधवारी बसे. कान तपासायचं यंत्र तीन महिन्यांपासून दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे तपासणी तोंडी होती. मोठ्या टेबलामागे तीन डॉक्टर.

"नाम?"

"गोपीनाथ टोकेकर."

"उमर?"

"बासठ."

"तकलीफ क्या है?"

"जी, बिल्कुल सुनाई नहीं देता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्यानं चष्मा काढला. "बिल्कुल नहीं?"

"बिल्कुल नहीं."

"तो फिर जवाब कैसे दे रहे हैं?"

"आप पूछ रहे हैं, इसलिए," टोकेकर नम्रपणे म्हणाले. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांच्या घरात उर्मटपणा समजत. कागदावर शेरा आला: श्रवण सामान्य, वर्तन सहकार्याचे.

पुष्कर फोनवर आईला ओरडला. उदयसिंहांनी मग टोकेकरांना अंगणात बसवून बहिरेपणाची तालीम दिली. कोणी काहीही विचारो, भिंतीकडे बघायचं आणि तोंड थोडं उघडं ठेवायचं. मिलच्या चारशे मागांवर हुकमत चालवलेल्या माणसाला बहिरा असून बहिऱ्याचं सोंग शिकावं लागावं, याचं टोकेकरांना फार वाईट वाटलं. पण शिकले.

पुढच्या बुधवारी त्यांनी कमाल केली. नाव विचारलं, भिंत. वय विचारलं, भिंत. डॉक्टरांनी टेबलावर पेपरवेट आपटला, तरी भिंत. सर्टिफिकेट जवळजवळ हातात आलं होतं. पण त्या भिंतीत एक बंद काच होती आणि काचेपलीकडे दोन बाबू चहा पीत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "देख, बुड्ढा नौटंकी कर रहा है."

टोकेकर ताडकन उठले. "नौटंकी किसको बोला? तमीज से बात करो!"

बाबूच्या हातून बशी पडली. बंद काचेतून, तीस फुटांवरून, कुजबुजलेलं ऐकू आलेला बहिरा बोर्डानं पहिल्यांदाच पाहिला होता. या वेळचा शेरा असा होता की अर्जदाराची श्रवणशक्ती सामान्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि त्यांनी शासनाची दिशाभूल करू नये. टोकेकर चार दिवस घराबाहेर पडले नाहीत.

तिसऱ्या खेपेला बोर्डावर एक नवी डॉक्टरीण होती, निवेदिता नावाची. तिनं जुने दोन्ही शेरे वाचले आणि टोकेकरांकडे पाहिलं. मग फाइल उचलून तोंडासमोर धरली. टोकेकर बघत राहिले. फाइल. नुसती फाइल, त्यावर लाल फीत. तिनं मागे काय विचारलं, किती वेळा विचारलं, त्यांना काहीच कळलं नाही. आपला चेहरा किती गरीब झाला असेल, एवढंच कळलं.

तिनं फाइल खाली केली आणि आवाज न काढता, ओठ जरा जास्त हलवत म्हणाली, "काका, कौनसा खाता? मेरे पप्पा भी मिल में थे. घर में आज भी ऐसेच बोलते हैं."

सर्टिफिकेट मिळालं. शंभर टक्के बहिरे. "गाणं सरकारी कागदात कुठे बसतं?" इंदुमतीबाई म्हणाल्या. टोकेकरांच्या आयुष्यातले हे एकमेव शंभर टक्के. उदयसिंहांनी गल्लीत जिलेबी वाटली.

ऑपरेशन बेंगळुरूला झालं. महिनाभरानं कानामागे यंत्र लावलं आणि ते सुरू करणाऱ्या बाईंनी "हॅलो" म्हटलं. टोकेकरांना वाटलं, रिकाम्या तेलाच्या डब्यात कोणीतरी चणे टाकले. पण आठवड्याभरात त्या चण्यांचे शब्द होऊ लागले. पंधरा दिवसांत पुष्करनं पाठीमागून "बाबा" म्हटलं आणि टोकेकरांनी मान वळवली. बापलेक दोघंही रडले. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग त्यांनी बाईंना हळूच विचारलं, "और गाना?"

बाई जपून बोलल्या. हे यंत्र बोलण्यासाठी केलेलं आहे. ठेका ऐकू येईल, सुरांचं सांगता येत नाही. प्रॅक्टिस करत राहा. कोणाला थोडं जमतं, कोणाला नाही.

इंदूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी इंदुमतीबाई न्हाऊन, केस बांधून पेटी घेऊन बसल्या. दोन महिने गायल्या नव्हत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि टोकेकरांच्या डोक्यात मिल सुरू झाली. चारशेच्या चारशे माग. खडाखडा, खडाखडा. वर पट्ट्यांचा चरचराट. सतरा नंबरच्या मागाचा धागा नेणारा धोटा अडकायचा, तो आवाजसुद्धा तसाच. त्यांनी यंत्र कमी केलं, जास्त केलं. माग कमी-जास्त झाले. इंदू कुठेच नव्हती.

आणि आता त्यांना कळलं की पूर्वी किती सुख होतं. पूर्वी इंदूचे ओठ हलले की त्यांच्या आत तिचा ऐंशी सालचा आवाज आपोआप सुरू व्हायचा, मिलच्या मांडवातला, भरलेला, गोल. थाप होती ती, पण अगदीच रिकामी नव्हती. आता यंत्रानं तोही आवाज पुसून त्यावर माग बसवले होते. टोकेकरांनी मांडीवरचा हात पाहिला. हात समेवर आला.

"वाह!" ते म्हणाले.

"यंत्रातूनही ऐकू आलं?" इंदुमतीबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की कुठलाच माणूस नाही म्हणू शकला नसता.

"स्वच्छ," टोकेकर म्हणाले. पूर्वीच्या थापेला निदान बहिरेपणाची सबब होती. या थापेला तीही नव्हती. दुपारी ते गच्चीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसत आणि तास-तास प्रॅक्टिस करत. शहनाई, सतार, बाया, बाप्ये, सगळ्यांचे माग. तबला तेवढा तबल्यासारखा वाजे.

आता ऐकू येऊ लागल्याची ही गोष्ट घरातच ठेवायची की नाही? पण उदयसिंह कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळात होते आणि मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव यांना काही तरी नवीन हवंच होतं. प्रतापरावांचे पणजोबा राजवाड्यात कसलेसे मानकरी होते, त्यामुळे कोणाचा तरी सत्कार केल्याशिवाय त्यांना करमत नसे. कार्डं छापून घरी आली तेव्हाच टोकेकरांना कळलं. रविवार, सकाळी दहा. एक, श्रीगणेशपूजन. दोन, सौ. इंदुमती टोकेकर यांचे गायन. तीन, श्री. टोकेकर यांचे श्रवण. चार, पोहे-जिलेबी.

टोकेकर कार्ड घेऊन प्रतापरावांकडे गेले. गायन संपल्यावर तिसऱ्या क्रमांकाचं श्रवण कसं करायचं, हा मुद्दा त्यांनी मांडला. खरं तर त्यांना कार्यक्रमच रद्द करायचा होता. पण ते कसं सांगणार? प्रतापराव म्हणाले, "टोकेकरजी, कार्ड छप चुके. तुम्ही फक्त ऐकायचं. त्यात काय कष्ट?"

इंदुमतीबाई मात्र बदलून गेल्या. बारा वर्षांनी मंच. काठाची हिरवी साडी इस्त्री झाली. सकाळचा अर्धा तास दोन तासांवर गेला. उदयसिंह भिंतीवरून म्हणाले, "भाभीजी, इतना मत खींचो, गला है." टोकेकरांनी नेहमीप्रमाणे आत येऊन ते सांगितलं. इंदुमतीबाईंनी ऐकलं नाही.

रविवारी मांडव भरला. मंचावर एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला, लोकांकडे तोंड करून, एक सोफा. त्यावर हार घातलेले टोकेकर. श्रवण सगळ्यांना दिसावं अशी मंडळाची व्यवस्था होती. पुढच्या रांगेतली पोरं त्यांच्या कानामागचं यंत्र बोटानं दाखवत होती. टोकेकरांनी मान ताठ ठेवली आणि इंदूकडे पाहिलं. तिच्या तोंडासमोर कांद्याएवढा चकचकीत माइक होता. ओठ दिसत नव्हते.

त्यांना त्या डॉक्टरणीची फाइल आठवली.

माग सुरू झाले. भोंग्यातून आल्यामुळे चारशेचे आठशे. पण तबला लागत होता आणि टोकेकर त्याला धरून राहिले. पहिली सम आली, "वाह!" लोक खूश. दुसरी, तिसरी. टोकेकरांचा धीर वाढला. मग अंतरा सुरू झाला. पेटीवाल्यानं एकाएकी हात उचललेला त्यांना दिसला. लोकांनी माना खाली घातलेल्या दिसल्या. टोकेकरांना वाटलं, रंगले! डोळ्यांत पाणी आलं असणार बिचाऱ्यांच्या. सम आली. त्यांनी हात उंच करून, पूर्वी मिलच्या मांडवात म्हणत तसं, खणखणीत म्हटलं, "वाह! क्या बात है!"

मांडवात कोणी हललं नाही. मागे कोणीतरी फस्सकन हसलं. टोकेकरांना हसणं ऐकू आलं, हसणं यंत्रातून छान ऐकू येतं. पण अर्थ लागला नाही. पुढच्या समेला त्यांनी आणखी एकदा म्हटलं.

घरी आल्यावर इंदुमतीबाईंनी साडी बदलली, पानं घेतली, वरण-भात वाढला आणि समोर बसल्या.

"अंतऱ्यात माझा आवाज फाटला," त्या म्हणाल्या. "पूर्ण फाटला. सगळ्यांना कळलं. पेटीवाल्यानं हात काढून घेतला. लोकांनी माना खाली घातल्या, मला बघायला नको म्हणून. आणि तुम्ही वाह म्हणालात."

टोकेकर भात कालवत राहिले.

"दोनदा म्हणालात. आधी वाटलं, चिडवताय. पण चौतीस वर्षांत कधी चिडवलं नाहीत. मग कळलं. अहो, मी गाते तेव्हा तुम्हाला काय ऐकू येतं?"

"माग," टोकेकर म्हणाले.

"कुठले माग?"

"आपले. मिलचे. सगळे."

"आणि यंत्राच्या आधी?"

"आधी काही नाही."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

"मग ते गळा बसलाय, गरम पाणी घे?"

"उदयसिंह," टोकेकर म्हणाले. आता तिनं हसावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

"म्हणजे सात वर्षं मी उदयसिंहांसाठी गात होते," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

सोमवारी त्या गायला बसल्या नाहीत. मंगळवारीही नाही. पेटीवर कापड घातलं होतं. बोलणं चालू होतं, भाजी काय, फोन कोणाचा, सगळं टोकेकरांना स्वच्छ ऐकू येत होतं, आणि त्या स्वच्छ ऐकू येण्याचा त्यांना राग येत होता. मिलनं कान नेला तेव्हा सगळं नेलं होतं, पण ही एक गोष्ट चुकून राहिली होती. ती त्यांनी स्वतःच्या हौसेनं, सरकारी सर्टिफिकेट मिळवून, घालवली होती.

बुधवारी सकाळी ते न्हाऊन आले. इंदुमतीबाईंच्या देखत त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि आपल्या नेहमीच्या जागी मांडी घालून बसले.

"तुझा आवाज मला पाठ आहे, इंदू," ते म्हणाले. स्वतःचं बोलणं त्यांना ऐकू आलं नाही. "हे लावलं की तो जातो. तू नुसती समोर बस. मला बघू दे."

इंदुमतीबाई समोर आल्या. मग बसल्या. पेटीवरचं कापड काढलं नाही. मांडीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. टोकेकर बघत राहिले. मग फार लांबून, मिलच्या मांडवातून, तो आवाज आला. भरलेला, गोल, एकही माग मध्ये नाही. अंतरा आला आणि कुठेही न फाटता वर गेला. हात समेवर टेकला.

"वाह," टोकेकर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

चहाचा कप घेऊन ते अंगणात आले. भिंतीपलीकडे उदयसिंह नळी धरून उभे होते. त्यांचे ओठ हलले.

"क्या भिया, भाभीजी नाराज हैं क्या? तीन दिन हो गए. आज भी एकदम सुनसान, एक सुर नहीं सुना."

टोकेकरांनी खिडकीतून आत पाहिलं. इंदुमतीबाई अजून तिथेच बसल्या होत्या, पाठमोऱ्या, हात मांडीवर तसाच.

"अभी तो गाया, भिया," टोकेकर उदयसिंहांना म्हणाले. "पूरा आधा घंटा गाया. तुम्हारे कान खराब हो गए हैं, दिखवा लो."